वाटा आणि वारसा



या व्यासपीठावरून आजवर जी मंडळी बोलून गेली ती शिकलेली होती. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेच्या बाकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. फाटकावरच्या सभेत एक सोय असते. भोंगा वाजला की श्रोते उठून जातात आणि वक्त्याला थांबावेच लागते. येथे भोंगा नाही, तेव्हा मला आवरण्याचे काम अध्यक्षमहाराजांनी करावे.

चिटणीसांनी मला विषय दिला तो 'आपल्या उपनगरातील मच्छीमार बंदराचा वारसा' असा. वारसा या शब्दाने मी जरा बिचकतो. आपल्याकडे वारसाची चौकशी बहुधा माणूस गेल्यावर सुरू होते. वेसावे तर जिवंत आहे. उद्या पहाटे पाच वाजता तिथल्या धक्क्यावर जाऊन उभे राहा; बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, पाट्यांची ओढाताण, लिलावाची बोली आणि तुम्ही मधे आलात म्हणून तुम्हाला पडलेली एक सणसणीत शिवी, एवढे सगळे पाच मिनिटांत कानी पडेल. तेव्हा मी वारशाबद्दल बोलेन, पण कामाच्या वाटेने बोलेन. मला दुसरी वाट येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना वेसावे ठाऊक आहे ते 'वर्सोवा' म्हणून. २०१४ च्या जून महिन्यात घाटकोपरपासून मेट्रो सुरू झाली आणि तिच्या शेवटच्या स्थानकाला वर्सोवा हे नाव मिळाले. त्या स्थानकावर उतरून समुद्र दिसत नाही, बंदर तर मुळीच दिसत नाही. पुढे रिक्षा करावी लागते. वस्ती दाट होत जाते, रस्ता अरुंद होत जातो, आणि मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली अशी नावे कानावर यायला लागली की समजावे, आपण गावात आलो. समोर मालाडची खाडी समुद्राला मिळते. खाडीपलीकडे मढ. तिथे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे, तो मराठ्यांनी १७३९ साली घेतला. गंमत अशी की किल्ला मढच्या बाजूला, पण त्याला वेसाव्याचा किल्ला असेही म्हणतात. त्या किल्ल्याचा इतिहास लिहिला गेला आहे. खाली खाडीत ज्यांच्या होड्या शाकारलेल्या असत, त्यांचा लिहायला कोणाला सवड झाली नाही. किल्ला एकदा जिंकला की काम संपते. मासे मात्र रोज धरावे लागतात, त्यामुळे त्यात कोणाला पराक्रम दिसत नसावा.

मी वेसाव्याला पहिल्यांदा गेलो तो विशीत. माझे वडील अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते, मीही तिथेच लागलो, आणि १९९० च्या आगेमागे तो कारखाना बंद पडला. आमच्या खात्यात वेसाव्याचा एक पोरगा होता. आम्ही बाकीचे सहा महिने फाटकावर बसून राहिलो. तो आठवडाभर बसला आणि पुन्हा आपल्या काकाच्या बोटीवर निघून गेला. मला त्याचा राग आला होता. त्याला परत आणावा आणि जमल्यास बोटीवरच्या माणसांचीही युनियन बांधावी, असा मोठा बेत मनात धरून मी गेलो. खिशात छापील अर्ज होते.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल जाळे शिवत बसले होते. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, आणि नाखवा म्हणजे बोटीचा धनी. एवढे मला तेव्हा माहीत नव्हते. मी अर्ज काढला आणि पहिल्या रकान्यातला प्रश्न विचारला, "बाबा, इथे मालक कोण?"

त्यांनी मान वर केली नाही. "कशाचा मालक? होडीचा का दर्याचा?"

मी म्हटले, "होडीचा."

"होडीचा तो काय, तिकडे बर्फ भरतोय. माझा भाचा. आज त्याला माझ्यापरास कमी मिळणार हाय. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढायचा का?"

अर्ज खिशात गेले. पण त्या माणसाने मला दोन तास बसवून घेतले, आणि मी जे कामगारशास्त्र पुस्तकांतून शिकलो होतो त्यात नसलेला एक धडा मला त्या दिवशी मिळाला. तो धडा वाट्याचा.

आपण जरा डोल समजून घेऊ, म्हणजे वाटा समजेल. आपल्या या किनाऱ्याचे जुने आणि मुख्य जाळे म्हणजे डोल. प्रचंड शंकूच्या आकाराची एक पिशवी. तोंड रुंद, शेपूट निमुळते. समुद्राच्या तळात खुंट ठोकून किंवा नांगर टाकून तिचे तोंड प्रवाहाकडे धरायचे. पाण्याला ओढ लागली की बोंबील, मांदेली, करंदी, जवळा त्या ओढीबरोबर आत येतो. डोल कोणाच्या मागे धावत नाही. ती वाट पाहते. प्रवाह फिरायच्या आत तिचे शेपूट उचलून मासळी होडीत घ्यावी लागते. उशीर झाला की आलेली मासळी आली तशी निघून जाते. पूर्वी ही जाळी सुताची आणि तागाची असत, झाडाच्या सालीच्या काढ्यात ती रंगवावी लागत, नाहीतर कुजत. पुढे नायलॉन आले आणि शिडाच्या जागी इंजिन आले. पण भरती-ओहोटी होती तीच राहिली.

म्हणजे या धंद्यात पाळी कोण लावतो? चंद्र लावतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे चारला उचललेले जाळे उद्या पाचला उचलावे लागते, आणि आठवड्याने तीच पाळी सकाळी दहाच्या सुमारास येते. त्या तांडेलांनी मला एक हिशेब शिकवला. तो किनाऱ्यावर सर्वांना येतो, पण मला तो सोन्याचा वाटला. शुद्ध असो की वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पुरी होते. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण ज्याच्या हातात घड्याळही नव्हते त्या माणसाने आकाशाकडे पाहून कामावर निघावे, एवढे पुरे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला ओढ जबर. तेव्हा जाळे भरते. अष्टमीच्या आगेमागे भांग. पाणी मंद, डोल रिकामी. ते दिवस जाळी शिवण्याचे. गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून द्यायला नारायण मेघाजी लोखंडे यांना किती वर्षे झगडावे लागले आणि अखेर १० जून १८९० रोजी ती मिळाली, हे मी आमच्या प्रत्येक शिबिरात सांगतो. त्या दिवशी मला कळले की कोळ्याला पंधरवड्याची सुट्टी चंद्राकडून मिळते, आणि त्या सुट्टीतही सुई हातातून सुटत नाही.

आता वाटा. मासळी विकली की आधी खर्च निघतो. पूर्वी तो दोर, शीड आणि शिधा यांचा असे. आता डिझेल, बर्फ आणि शिधा. उरलेल्या पैशाचे वाटे पडतात. प्रमाण बंदराबंदरांत निराळे, पण तत्त्व एक. होडीला वाटा, जाळ्याला वाटा, माणसाला वाटा. होडी आणि जाळे ही जणू बोटीवरची आणखी दोन माणसे! तांडेलाला इतरांहून जास्त, कारण खुंट कुठे आहे आणि वारा केव्हा फिरेल हे त्याच्या डोक्यात असते. मासळी भरपूर आली तर सर्वांना भरपूर. नाही आली तर सर्वांना वजाबाकी. त्या तांडेलांच्या बोलण्यात एक वाक्य आले होते ते मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवले. ते म्हणाले, "तापाने पडला म्हणून माणसाचा वाटा आमी काढला नाय कदी. तो ताप त्याने काय हौसेने आणला?" आजारपणाची भरपगारी रजा मागण्यासाठी आम्ही कारखान्यात तेव्हा मागण्यांचे पत्रक छापत होतो.

मी भाबडेपणाने बोलतो आहे असे समजू नका. वाट्याच्या आतही अन्याय शिरतो. नाखवा व्यापाऱ्याकडून उचल घेतो, मग मासळी त्याच व्यापाऱ्याला त्याच्याच भावाने घालावी लागते. खलाशी नाखव्याकडून उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो. खर्च आधी निघतो, पण खर्चाचा हिशेब कोण पाहतो? अडाणी खलाशाला बोटे मोजता येतात, पावत्या मोजता येत नाहीत. हे सर्व खरे. तरीही, जोखीम आणि फळ एकाच पाटीत ठेवायचे, ही कल्पना कोणा पुस्तकी समाजवाद्याने कोळीवाड्यात नेलेली नाही. ती तिथेच होती.

आणि किनाऱ्यावर आलेली मासळी कोणाची? तिथे पुरुषाचा अंमल संपतो. कोळणीचा सुरू होतो. बोंबील घ्या. या माशाच्या अंगात शंभरातले पंचाऐंशी ते नव्वद भाग पाणी. बाहेर काढल्यावर तो फार वेळ दम धरत नाही. म्हणून जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या वलांडीवर टांगायच्या, वाऱ्या-उन्हात त्या सुकतात आणि पावसाळ्याची बेगमी होते. बर्फाचा कारखाना नव्हता तेव्हा हा धंदा ज्या एका तंत्रावर उभा होता ते तंत्र बायकांच्या हातात होते. वलांडी बांधायला जागा लागते, मासळी पसरायला खळे लागते. नवरा समुद्रावरून येऊन झोपतो; ही मासळी निवडते, वाळवते, पाटी भरते, गाडीच्या मालडब्यात चढते, बाजारात बसते, पैसे मोजते आणि परत येऊन त्याच्या इंजिनाच्या दुरुस्तीला पैसे काढून देते. पुष्कळ घरांत नाखवा हा नावाचा धनी आणि रोकड नाखविणीच्या कनवटीला, अशी व्यवस्था मी पाहिली आहे. तरी सरकारी कागदावर 'मच्छीमार' म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच येतो.

आता खळ्यांची गोष्ट. १९५० साली अंधेरीपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली, १९५७ साली बोरिवली-मुलुंडपर्यंतची आली, आणि आपण सर्व मुंबईकर झालो. मग आपल्याला घरे हवी होती. वेसाव्याच्या मागची खाजणे होती तिथे १९८० नंतर उंच इमारती उभ्या राहिल्या. मी स्वतः असल्या एका भरणीवरच्या चाळीत दहा वर्षे राहिलो आहे, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही. पण खाजण गेले की कोळंबीचे पाळणाघर जाते. नाल्यांचे पाणी आणि गाळ खाडीत आला की ओहोटीला बोटी चिखलात बसतात. आणि मासळी वाळत घालायचे खळे शहरी माणसाला 'मोकळी पडलेली जागा' दिसते. २०१५ पासून अफरोज शहा आणि त्यांचे सोबती यांनी वेसाव्याचा किनारा साफ करायला घेतला, ते काम जगभर गाजले आणि ते योग्यच झाले. मात्र त्या किनाऱ्यावरचे प्लास्टिक कोळ्यांनी आणून टाकलेले नव्हते. ते तुमच्या-माझ्या घरांतून नाल्याने तिथे पोहोचले होते. डोलीत आज बोंबलांबरोबर पिशव्या येतात, आणि त्या निवडायचे कामही बाईकडेच आहे.

ट्रॉलर आणि पर्ससीन यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. डोल वाट पाहते, ट्रॉलर तळ खरडत फिरतो आणि पर्ससीन थवाच्या थवा वेढून उचलते. परदेशात कोळंबीला भाव आला आणि तळ खरडणे फायद्याचे झाले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. पर्ससीनवर कडक निर्बंध आले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत मासळी कायद्याची वाट पाहत थांबली नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये परदेशी भागीदारीच्या मोठ्या जहाजांविरुद्ध देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळला. थॉमस कोचेरी यांच्यासारखे लोक त्यात पुढे होते, आपल्याकडे सातपाटीचे रामभाऊ पाटील होते. त्या लढ्यातून मुरारी समिती आली. आम्ही कामगार संघटनांनी पाठिंब्याची पत्रके काढली. दोन-तीन ओळींची, याहून जास्त आम्ही काही केले नाही, हे मी कबूल करतो. अगदी अलीकडे वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतले. बोटी जायला वाट पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे, आणि वेसाव्याची मंडळी त्याच्या खांबांकडे त्याच नजरेने पाहत आहेत.

हे सर्व प्रश्न मोठे आहेत. यांवर सभा होतात, वर्तमानपत्रांत छापून येते. ज्यावर सभा होत नाही तो प्रश्न मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

वेसाव्याच्या किंवा मढच्या धक्क्यावर आज बोटीवरच्या खलाशांशी बोलून पाहा. पुष्कळ जण तुम्हाला हिंदीत उत्तर देतील. कोणी उत्तर प्रदेशातला, कोणी आंध्रातला, कोणी ओडिशातला, कोणी नेपाळचा. कोळ्यांची मुले शिकली, बँकेत गेली, विमानतळावर लागली, चांगले झाले. तांडेलांचा तो पुतण्या, माझा सोबती, त्याची मुलगी आज परिचारिका आहे. पण बोट तर समुद्रावर जायलाच हवी. म्हणून बाहेरचा माणूस आला. त्याला बहुधा वाटा नाही, महिन्याचा किंवा हंगामाचा ठरीव पगार आहे. होडीला अजून वाटा आहे, जाळ्याला अजून वाटा आहे. तिसऱ्या माणसाचा तेवढा गेला.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील की हे परप्रांतीयांचे गाऱ्हाणे आहे, मराठी व्याख्यानमालेत कशाला? मी त्यांना पालघर-डहाणूकडे घेऊन जातो. तिथले आदिवासी तरुण, आपले मराठी तरुण, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट सरहद्दीपलीकडे गेली की ते कराचीच्या तुरुंगात पडतात. त्यांच्या बायका इकडे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, आणि तिकडे गुजरातच्या बंदरात ते 'बाहेरचे' असतात. जो न्याय त्यांना तिथे मिळावा असे आपल्याला वाटते, तो आपल्या धक्क्यावरच्या माणसाला द्यायला हरकत कोणती?

आणखी एक आठवण देतो. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला. ते दहाजण 'कुबेर' नावाची पोरबंदरची मच्छीमार बोट पळवून आले होते. त्या बोटीवर एक तांडेल आणि चार खलाशी होते, पाचहीजण मारले गेले. त्या हल्ल्यात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत, आणि असावीतच. या पाचांपैकी एकाचे तरी नाव सभागृहात कोणाला सांगता येईल का? मला स्वतःला ते पुस्तकात पाहावे लागले. त्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. म्हणजे सरकारने खलाशाची मोजदाद केली ती सुरक्षेपोटी, संशयापोटी. कामगार म्हणून त्याची नोंद करायची राहिलीच. २०२३ साली आपल्या राज्याने पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. मला पापलेट आवडते, माझी तक्रार नाही! पण ते पकडणाऱ्याचे नाव कुठल्या वहीत आहे, हे विचारावेसे वाटते.

कायदा काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ साली मासेमारीतल्या कामाचा करार केला, त्याचा क्रमांक १८८. त्यात मच्छीमार कोण याची व्याख्या करताना, ज्याला मासळीतला वाटा मिळतो तोही कामगारच, असे स्पष्ट लिहिले आहे. तीन दिवसांहून अधिक समुद्रावर राहणाऱ्या बोटीवर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, लेखी करारपत्र, बोटीवर असलेल्यांची यादी किनाऱ्यावर ठेवणे, अशा साध्या गोष्टी आहेत. तो करार २०१७ पासून अमलात आहे. २०१९ साली थायलंडने त्यावर सही केली; भारताने केलेली नाही. आपल्याकडे १९२३ पासून कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा होता, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण भरपाई मागायची तर माणूस नोकर होता हे आधी सिद्ध करावे लागते. वाटा घेतो म्हटले की वकील म्हणतो, हा भागीदार. पगार घेतो म्हटले की विचारतात, पगाराची चिठ्ठी कुठे आहे? जून आणि जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते, त्या काळासाठी केंद्राची बचत-नि-मदत योजना आहे. मच्छीमाराने १५०० रुपये भरायचे, सरकार त्यात ३००० घालते. अपघाती विमाही आहे, मृत्यू झाल्यास ५ लाखांचा. मात्र यांतला पैसा पोहोचतो तो नोंदलेल्या मच्छीमाराला, आणि नोंद होते ती बहुधा सोसायटीच्या सभासदाची. हंगामापुरता आलेला खलाशी सभासद कुठून होणार?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बंदराचे नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही बंदरात झाले असते. रात्री जाळे ओढताना एक तरुण खलाशी पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळाले. पंचनामा होताना मी हजर होतो. बोटीचा नोंदणी क्रमांक होता. इंजिनाचा क्रमांक होता. डिझेलच्या परताव्यासाठी लिटरचा हिशेब तारखेवार होता. माणसाचे मात्र आडनाव कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. बोटीवर त्याला सगळे 'छोटू' म्हणत. मोबाईल त्याच्याबरोबर पाण्यात गेला होता. गाव शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

नाखवा वाईट माणूस नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याच्यावर स्वतःवर कर्ज होते. त्याने बायकोच्या पाटल्या गहाण टाकून प्रेत गावी पाठवायची सोय केली. पण मुलाचा बाप गाडीने इकडे येऊन पोहोचला होता. आम्ही त्याच्यापुढे बसलो आणि विम्याचे काय, दाव्याचे काय, हे समजावू लागलो. त्यात सांगण्यासारखे फारसे नव्हतेच. म्हाताऱ्याने सर्व ऐकून घेतले. तो शेतमजूर होता, अर्धलीचा व्यवहार त्याच्या अंगवळणी पडलेला. त्याने एकच विचारले. शेवटच्या फेरीत मासळी किती आली, आणि तिच्यात माझ्या पोराचा हिस्सा किती?

कोणी बोलेना. त्याला हिस्सा नव्हता, पगार होता, आणि त्या महिन्याचा पगार उचलीत वळता झालेला होता. बोटीचा तांडेल, गावचाच कोळी, साठीचा माणूस, तो उठून घरात गेला. बऱ्याच वेळाने आला. त्या फेरीचा सगळा हिशेब त्याने कागदावर नव्याने मांडून आणला होता. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि माणसांचे वाटे जुन्या रीतीने पाडलेले, त्यात एक वाटा या मुलाचा. तेवढे पैसे मोजून त्याने बापाच्या हातात दिले. रक्कम फार नव्हती. त्याने ती दोनदा मोजली, कपाळाला लावली आणि घेतली. मी इतकी वर्षे तडजोडीच्या करारांवर सह्या केल्या आहेत. त्या दिवशी सही करायला माझ्याकडे कागदच नव्हता.

पुढच्या हंगामाला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, त्या तांडेलाचा मला फोन आला. "भाऊ, एक जाड वही घेऊन या. आणि अक्षर बरं असलेला कोनी तरी." मी माझ्या पुतणीला घेऊन गेलो. बोटीजवळ खाट टाकली होती. एकेकाने येऊन नाव सांगायचे. पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा, घरच्या कोणाचा तरी फोन. एक पोरगा बापाचे नाव सांगून थांबला आणि म्हणाला, बाप नाही, आईचे लिहा, फोन तिच्याजवळच असतो. शेवटी रकान्यावर मथळा काय घालायचा, हे पुतणीने विचारले. खलाशी घालू का? तांडेल म्हणाला, "वाटेकरी घाल." नाखवा बाजूला उभा होता. तो काही बोलला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्या बोटीवर सगळ्यांना पूर्ण वाटा मिळू लागला असे मी तुम्हाला सांगितले तर ते खोटे ठरेल. पगारावर हंगामाअखेर थोडा हिस्सा द्यायचा, एवढ्यावर बोलणे आले आहे, आणि दर वर्षी त्यावर भांडण होते. भांडायला मीच जातो.

शेजारच्या दोन बोटींनी तशीच वही केली. बाकीच्यांनी अजून केलेली नाही. पहिली वही त्याच वर्षी लाटेच्या पाण्याने भिजली आणि शाई पसरली, म्हणून नवी उतरवून काढावी लागली. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून किनाऱ्यावर तांडेलाच्या घरी ठेवतात, डिझेलच्या पावत्या असतात त्याच खणात.

अध्यक्षमहाराजांनी दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिले आहे.